काटा चढला तर पाणी घालून गाडी आणू नका
बॉक्सस्टर आणि केमनच्या मालकांसाठी माहितीपत्रक

मार्च उजाडला की आमच्या गॅरेजमध्ये फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "गाडी तापतेय, पाणी टाकलंय, घेऊन येऊ का?" जरूर आणा, पण पाणी टाकायच्या आधी. हे पत्रक आम्ही मुख्यतः एवढ्यासाठीच छापले आहे. मजकूर पोर्शेच्या 986 आणि 987 या मालिकांना, म्हणजे 1996 ते 2012 या काळातल्या गाड्यांना धरून आहे. त्यानंतरच्या गाड्यांत सुट्या भागांच्या जागा बदलल्या, तत्त्व बदललेले नाही.

इंजिन सीटच्या मागे आहे हे तुम्हाला सांगायला नको. रेडिएटर मात्र पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात, काही मॉडेलना मधोमध तिसरा असतो. इंजिनापासून तिथवर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नेणारे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. साध्या हॅचबॅकला पाच-सहा लिटर कूलंट पुरते, इथे वीस लिटरच्या आसपास लागते. आणि इतक्या लांबच्या आडव्या वाटेत हवा शिरली, तर मागच्या डिकीतल्या टाकीत वरून कितीही ओतले तरी ती सहज निघत नाही.

पाणी घातल्याने नेमके काय बिघडते

पहिले नुकसान तपासाचे. टाकीतली पातळी अर्धा लिटर खाली होती की चार लिटर, यावर आमचे अर्धे निदान अवलंबून असते. अर्धा लिटर दोन वर्षांत गेला असेल तर बहुधा झाकण सैल पडलेले असते. चार लिटर महिन्याभरात गेले तर पंप, टाकी किंवा एखादा होज (रबरी नळी) फुटलेला असतो. कूलंट झिरपते तिथे वाळून पांढरट किंवा गुलाबी खरवड धरते, टॉर्च मारला की ती जागा लगेच सापडते. टाकी काठोकाठ भरली की गरम झाल्यावर जास्तीचे पाणी झाकणातून बाहेर येते, सगळीकडे ओल होते आणि खरी गळती कोणती हे कळायला गाडी एक दिवस जास्त थांबते. त्या दिवसाचे बिल लावताना आम्हालाही बरे वाटत नाही.

दुसरे नुकसान कूलंटचे. वीस लिटरमधले चार लिटर गेले आणि त्या जागी पाणी आले, की अँटीफ्रीज आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण 40 टक्के अँटीफ्रीजवर येते. पुण्यात बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीज हवे कशाला, असे विचारणारे बरेच असतात. गोठण्याचा प्रश्न इथे नाहीच. त्या द्रवातली रसायने अॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत, पंपाच्या सीलला सांभाळतात आणि उकळबिंदू वर नेतात. झाकण धरून ठेवते तो दाबही त्याच कामाचा : दाब एक बारने वाढला तर साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांना उकळते. म्हणूनच जुने, सैल झाकण बदलणे हा आम्हाला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त इलाज.

तिसरे नुकसान बोअरच्या पाण्याचे. सोसायटीच्या बादलीत तळाशी जो पांढरा थर दिसतो, तोच सिलिंडर हेडमध्ये बसतो आणि नेमका सर्वांत गरम जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास बसतो. तिथे तो गोधडीसारखा वागतो. तापमानाचा काटा मधोमध दिसतो आणि धातू आतून भाजत असतो. वर कोणी हिरवे कूलंट, कोणी लाल, कोणी पेट्रोल पंपावर मिळेल ते ओतलेले असते. रंगावरून कूलंटची जात कळत नाही. न जमणाऱ्या दोन जाती एकत्र आल्या की तळाशी जेलीसारखा गाळ धरतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. मग सगळे उपसा, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, पुन्हा भरा.

गाडी कधी तापते, ते सांगा

"तापते" एवढ्यावर काम भागत नाही. सिग्नलला आणि चांदणी चौकातल्या गर्दीत काटा चढतो, पण एक्स्प्रेसवेवर सुटल्यावर खाली येतो, असे असेल तर हवा कमी पडते आहे. म्हणजे पंखे किंवा कचरा. उलट, गर्दीत ठीक आणि खंडाळ्याचा घाट चढताना वर, असे असेल तर कूलंट पुरेसे फिरत नाही : वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा आतून बुजलेला रेडिएटर. आणि काटा वर असताना हीटर लावला तरी थंड हवा येत असेल, तर पातळी खाली गेली आहे किंवा हवा अडकली आहे. फोनवर एवढे सांगितलेत तरी आमचा तासभर वाचतो.

पंख्यांची एक तपासणी घरीच होते. एसी चालू करा, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ कान द्या. दोन्हीकडचे पंखे हळू गतीने फिरायला हवेत. हळू गतीसाठी असलेला रेझिस्टर जळाला की पंखा हळू गतीला गप्प राहतो आणि तापमान फार वर गेल्यावरच जोरात सुरू होतो. सिग्नलला एसीतून कोमट हवा येऊ लागली असेल तर संशय इथेच घ्या.

कचऱ्याचे मात्र बाहेरून कळत नाही. बंपरच्या जाळीतून आत डोकावले तर एसीचा कंडेन्सर दिसतो, तो स्वच्छ असतो, आणि मालकाचे समाधान होते. खरा ढीग कंडेन्सर आणि त्याच्यामागचा रेडिएटर यांच्या सांदीत असतो. गुलमोहराची बारीक पाने, सावरीचा कापूस, चुरमुऱ्याच्या पिशवीचे तुकडे, त्यावर पावसाळ्यातला चिखल. उन्हाळा आला की त्याची वाळलेली वाकळ होते, बोटाने उचलली तर अख्खी एका तुकड्यात हातात येते. ती काढायला बंपर उतरवून कंडेन्सर रेडिएटरपासून सुटा करावा लागतो. मऊ ब्रश, व्हॅक्यूम आणि मग मागच्या बाजूने साध्या नळाचे पाणी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन तिथे लावू देऊ नका. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या (फिन) आडव्या पडतात आणि कचरा असताना जेवढी हवा जात होती तेवढीही जात नाही.

हे काम दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर करून घ्यावे असे आमचे मत. बंपर उतरलेलाच असतो, तेव्हा पंखे आणि रेझिस्टरही त्याच मजुरीत तपासतो.

पंप आणि थर्मोस्टॅट

मूळ वॉटर पंपाच्या आतले पाते प्लॅस्टिकचे असते. वयाने ते ठिसूळ होते, तुकडे निघतात आणि इंजिनाच्या पाणीमार्गात जाऊन अडकतात. मग नवा पंप बसवून भागत नाही, तुकडे मोजून बाहेर काढावे लागतात. "मग धातूच्या पात्याचा बसवा ना," असे इंटरनेट वाचून सांगणारे ग्राहक आहेत. आम्ही बसवत नाही. बेअरिंग ढिले पडले की प्लॅस्टिकचे पाते स्वतः झिजते, धातूचे पाते इंजिनाचा कास्टिंग झिजवते. पंप पाचशे-हजारांचा भाग नाही हे खरे, पण इंजिनाच्या केसपुढे तो किरकोळच. पाच-सहा वर्षांनी किंवा 60,000 किलोमीटरच्या आसपास, गळण्याची वाट न पाहता बदलावा.

थर्मोस्टॅट काढूनच टाकणे हा हायवेवरच्या गॅरेजांचा आवडता उपाय. मूळ थर्मोस्टॅट साधारण 86 अंशांना उघडू लागतो. तो काढला की इंजिन हिवाळ्यात तापायलाच वेळ लावते, ऑइल घट्ट राहते, पेट्रोल जास्त जाते. कमी अंशांना उघडणारा बसवला तर मोकळ्या रस्त्यावर काटा थोडा खाली राहतो, पण रेडिएटर बुजलेला असेल तर गर्दीत काहीच फरक पडत नाही. पंप उघडला की त्याच वेळी थर्मोस्टॅट बदलणे शहाणपणाचे, कारण त्यासाठी पुन्हा वीस लिटर उपसावे लागतात.

आमच्याकडे काय होते

थंड इंजिनावर पातळी पाहतो, रेफ्रॅक्टोमीटरने मिश्रण मोजतो. टाकीला हातपंप लावून सुमारे एक बार दाब देतो आणि वीस मिनिटे हातपंपावरच्या दाबाच्या काट्याकडे लक्ष ठेवतो. डिकीतला गालिचा उचलून बघतो, कारण कूलंटची टाकी (एक्स्पान्शन टाकी) शिवणीवर तडकली की पहिली ओल तिथे येते आणि गोडसर वास सुटतो. टाकीतल्या वाफेत पेट्रोलच्या ज्वलनाचा वायू आहे का, हे निळ्या द्रावणाने तपासतो. द्रावण पिवळे झाले तर दुखणे हेडपर्यंत गेले आहे. ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडा कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो, तो छोट्या फेऱ्यांमुळे येणाऱ्या दवाचा असतो. कूलंटच्या टाकीत तोच फेस दिसला तर गाडी सुरू करू नका.

भरताना व्हॅक्यूम लावतो. आधी सगळी हवा ओढून घ्यायची, दहा मिनिटे व्हॅक्यूम टिकतो का पाहायचे, मग कूलंट आत सोडायचे. वरून ओतून भरणारा दोन तास कमी लावेल, पैसेही कमी घेईल. दुसऱ्या दिवशी हवेची गाठ सरकली की काटा पुन्हा वर. तपासणीचा आकार वेगळा असतो. काम आमच्याकडे केले तर तो बिलात वळता करतो. काढलेले जुने भाग फोटोंसकट दाखवतो, हवे असतील तर पिशवीत घालून देतो.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा, काचा उघडा, जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. कूलंटचा दिवा लुकलुकत असेल किंवा वाफ दिसली तर इंजिन तिथेच बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेण्याचा मोह टाळा. झाकणाला किमान तासभर हात लावू नका. गरम अॅल्युमिनियमवर थंड पाणी पडले तर हेड वाकते किंवा तडकते.

आडरानात अडकलात, नेटवर्क नाही, निघायलाच हवे, अशी वेळ आलीच तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाटलीबंद पाणी घाला, बोअरचे नको. घालण्याआधी टाकीतल्या पातळीचा फोटो काढा आणि किती बाटल्या गेल्या ते लिहून ठेवा. एवढे केलेत तर आम्हाला बरेच सोपे जाते. एरवी फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. दोरी बांधून ओढू देऊ नका. ओढून वर चढवण्याचा हूक पुढच्या डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, तो बंपरवरचे छोटे झाकण काढून पिळून बसवायचा. गाडीचा पुढचा भाग खाली असतो, म्हणून चढवताना चाकांखाली लाकडी फळ्या घालायला चालकाला सांगा.