‘सुव्लाकी’ला तेव्हा शिव्या का पडल्या?

ड्रीम पॉपची, म्हणजे धूसर, स्वप्नाळू गिटार-संगीताची, कुठलीही यादी काढा, ‘स्लोडाइव्ह’ या ब्रिटिश बँडचा ‘सुव्लाकी’ हा अल्बम तिच्यात सापडतोच. मे १९९३ मध्ये तो आला तेव्हा ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाच्या समीक्षकाचं म्हणणं होतं की हे पुन्हा ऐकण्यापेक्षा पॉरिज भरलेल्या टबात गुदमरून बुडालेलं परवडलं. दोनच वर्षांपूर्वी रेडिंगच्या या मंडळींच्या ईपींवर (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) हीच संगीत-साप्ताहिकं लट्टू होती.

टीकेचा रोख होता धूसरपणावर. तो धूसरपणा अपघाताने आलेला नव्हता. एरवी गिटारचा सिग्नल आधी डिस्टॉर्शनमधून (आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून) जातो आणि मग रिव्हर्बमध्ये (घुमारा देणाऱ्या यंत्रात). या घराण्यातले वादक अनेकदा क्रम उलटा लावतात: आधी रिव्हर्ब, मग डिस्टॉर्शन. त्यामुळे स्वराची शेपूटच फाटते, छेडल्याचा टोकदार ठोका विरघळतो आणि उरतो तो एक सलग पडदा. बँडचा गायक-गिटारवादक नील हॉलस्टेडच्या बाबतीत यामाहाच्या एफएक्स ५०० या इफेक्ट-यंत्रातल्या ‘सॉफ्ट फोकस’ या तयार सेटिंगचं नाव हमखास निघतं. रेकॉर्डिंगमध्ये हे खुलतं. छोट्या हॉलमध्ये मात्र पंचाईत होते, कारण तीन गिटार एकाच मधल्या पट्टीत घुसतात आणि हॉलस्टेड व रेचल गॉसवेल या गाणाऱ्या दोघांचीही व्यंजनं त्याखाली गाडली जातात. शब्दांवर बोट ठेवून लिहिणाऱ्या समीक्षकाला मग पकडायला काही उरत नाही.

पण खरं कारण आवाजाबाहेरचं होतं. दर आठवड्याला नवी लाट शोधायची हा साप्ताहिकांचा धंदाच. १९९० मध्ये ‘मेलडी मेकर’नेच या पठडीतल्या बँडांना ‘स्वतःचेच सोहळे करणारा कंपू’ असं नाव दिलं होतं. एकमेकांच्या कार्यक्रमांना जाणारी, थेम्स खोऱ्यातली खाऊनपिऊन सुखी घरची मुलं, असा त्यात टोमणा. स्लोडाइव्हचा पहिला अल्बम ‘जस्ट फॉर अ डे’ सप्टेंबर १९९१चा, आणि ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडचा ‘नेव्हरमाइंड’ही त्याच महिन्यातला. पाठोपाठ ‘स्वेड’ हा ब्रिटिश बँड आला, आणि साप्ताहिकांना नवी लाट मिळाली. मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या बँडच्या रिची एडवर्ड्सने तर आपल्याला स्लोडाइव्हचा हिटलरपेक्षाही जास्त तिटकारा असल्याचं जाहीर केलं.

गंमत अशी की ‘सुव्लाकी’ पहिल्या अल्बमपेक्षा नितळ आहे. त्यांची रेकॉर्ड कंपनी क्रिएशन रेकॉर्ड्सच्या ॲलन मॅगीने आधीची गाणी नापास केल्यावर बँडने ती टाकून नव्याने सुरुवात केली होती. संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोचा हात दोन गाण्यांना लागला. पुढचा ‘पिग्मेलियन’ (१९९५) जवळपास ठोक्याविना चालणारा. तो आला आणि लगेचच क्रिएशनने बँडला नारळ दिला.

नंतरच्या पिढीला ही गाणी इंटरनेटवर मिळाली, १९९३ची समीक्षा न वाचताच. २०१४ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, २०१७ मध्ये बावीस वर्षांनी नवा अल्बम आला, आणि २०२३चा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ ब्रिटनच्या अल्बम-यादीत पहिल्या दहांत गेला. व्यंजनं त्यातही नीट ऐकू येत नाहीत.