अवाढव्य मोटारसायकल

अवाढव्य मोटारसायकल : कारखान्याची मापे बाजूला ठेवून एखाद्या कारागिराने किंवा लहान गटाने हौसेने बांधलेली, लांबी, उंची, वजन किंवा इंजिन यांपैकी निदान एका बाबतीत प्रचंड असलेली दुचाकी. ती स्वतःच्या इंजिनावर चालली पाहिजे आणि तिच्यावर माणूस बसलेला असला पाहिजे; चौकात उभी केलेली प्रतिकृती येथे धरलेली नाही. अशी यंत्रे जर्मनी, इटली, अमेरिका, गुजरात अशा दूरदूरच्या ठिकाणी झाली. त्यांचा विचार येथे सातारा-सांगलीच्या अंगाने केला आहे. असे यंत्र बांधायला लागणारे वेल्डर, लेथ, भंगार आणि भव्य वाहनाची आवड हे सगळे कृष्णाकाठी पूर्वीपासून आहे.

आवडीचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचे बगाड निघते : दगडी चाके, वर लांबलचक शीड म्हणजे लाकडी दांडा, त्याला टांगलेला बगाड्या म्हणजे नवसाचा मानकरी आणि पुढे बैलांच्या जोड्या. सोनेश्वराच्या कृष्णाकाठापासून गावापर्यंत ते शेतांमधून ओढत आणतात. तासगावच्या गणपतीचा उंच रथ तर दोरखंडांनी माणसेच ओढतात. दोन्ही वाहनांत खरे कसब लागते ते वळवताना. मोटारसायकलीतही तसेच आहे.

जगातली उदाहरणे थोडी आहेत, पण ठसठशीत आहेत. चेकोस्लोव्हाकियातल्या आल्बिन लीबिशची ब्यॉमरलँड ही १९२० च्या दशकापासून १९३९ पर्यंत विकली गेलेली गाडी एका प्रकारात सुमारे ३.२ मीटर लांब होती. तिच्यावर तीन जणांची बैठक होती, इंजिन मात्र ५९८ सीसीचे एकच सिलिंडर. जर्मनीतल्या झिली गावी टिलो नीबेल यांच्या कार्यशाळेने सोव्हिएत टी-५५ रणगाड्याचे बारा सिलिंडरी डिझेल इंजिन साइडकार असलेल्या मोटारसायकलीत बसवले. वजन ४.७४९ टन. ३८ लिटरचे हे इंजिन म्हणजे शंभराहून अधिक ‘बुलेट ३५०’ची इंजिने एकत्र. कॅलिफोर्नियात ग्रेग डनहॅम यांची मोटारसायकल ३.४ मीटर उंच झाली. पुढे इटलीच्या फाबियो रेज्जानी यांनी तिला मागे टाकले : हँडलच्या टोकापर्यंत ५.१० मीटर उंच, १०.०३ मीटर लांब, ५.७ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन. २४ मार्च २०१२ रोजी ती शंभर मीटर चालवून दाखवली. लांबीचा विक्रम भारतात झाला. जामनगरचे भरतसिंह परमार यांनी २०१४ मध्ये २६.२९ मीटर लांबीची दुचाकी चालवली.

या यादीत सगळ्यांचे लक्ष उंचीकडे जाते. माझ्या मते ती सर्वांत सोपी बाजू आहे. गुरुत्वमध्य जितका वर, तितकी वस्तू सावकाश कलंडते. तळहातावर पेन्सिलीपेक्षा लांब काठी तोलणे सोपे जाते तसे. उंची चौपट झाली की कलंडण्याचा वेळ दुप्पट होतो, म्हणजे सावरायला सवड मिळते. अडचण अशी की सावरणार कशाने? नेहमीच्या गाडीवर स्वार अंग झुकवून आणि हँडल किंचित फिरवून तोल धरतो. चार-पाच टनांच्या धुडावर सत्तर किलोच्या माणसाने अंग झुकवून काही होत नाही. म्हणून अशा गाड्यांना साइडकार तरी जोडतात, नाहीतर बाजूला आधाराची लहान चाके. आधाराची चाके लावलेली गाडी वळणात झुकू शकत नाही आणि झुकणे हाच दुचाकीचा धर्म आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर गाडी सुमारे २३ अंश कलली पाहिजे.

लांबीचा प्रश्न वेगळा. हँडल ३० अंश वळवले की चाकांमधल्या अंतराच्या दुप्पट त्रिज्येचे वर्तुळ पडते. साध्या मोटारसायकलीला अडीच-पावणेतीन मीटर पुरतात. चाकांमध्ये वीस मीटर अंतर असेल तर त्रिज्या चाळीस मीटर होते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटात अशी गाडी पहिल्याच वळणाला अडेल. तिला मैदान हवे, नाहीतर सरळ सपाट रस्ता. फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, लांब करून पुढे कलवला तर वेगात गाडी ठाम राहते, पण हळू चालवताना हँडल एका अंगाला कोसळू पाहते.

तिसरी गोष्ट वजनाची. साधारण १८० किलोची बुलेट प्रत्येक मापात दुप्पट केली तर वजन आठपट, म्हणजे १,४४० किलो भरते. तिच्या पाइपांच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते. प्रत्येक सांध्यावर ताण दुप्पट येतो. नुसती मापे वाढवून केलेली चॅसिस सांध्याशी तडकते ती यामुळे. जाणता वेल्डर आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारून ढाचा उभा करतो, ओळंबा लावून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहतो, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करतो. नाहीतर उष्णतेने पाइप ओढला जातो आणि गाडी कायम एका बाजूला धावते.

आपल्याकडे हौशी कारागिराला सहज मिळणारे मोठे इंजिन म्हणजे जुन्या मारुती ८०० चे : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारे. मोटारीत ते आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसवलेले असते आणि गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीतून, दोन बाजूंना दोन शाफ्ट निघतात. दुचाकीला चालवायचे चाक एकच. त्यामुळे डिफरन्शियल आतून वेल्डिंगने जाम करून एका शाफ्टवर स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, बसवावे लागते. ते जाम केले नाही तर सगळी ताकद मोकळ्या बाजूने फिरून वाया जाते. इंजिन आडवेच ठेवले तर साखळी सरळ बसते, पण गाडी रुंद होते. गाडीच्या लांबीत वळवले तर ताकद काटकोनात नेणारा बेव्हल गिअर लागतो. रिव्हर्स गिअर मात्र आयता मिळतो आणि जड दुचाकीला त्याचा मोठा आधार असतो. मागे मोटारीचा टायर घालायचा मोह होतो. त्याची धाव सपाट असते आणि कलताना गाडी टायरच्या कडेवर येते. मोटारसायकलीचा टायर गोलसर असतो तो उगाच नाही.

ही कामे कुपवाड, मिरज, पलूस, सातारा येथील औद्योगिक वसाहतींत रोजच्या सवयीची आहेत. परंपराही जुनी आहे. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो खपत नव्हता. पुढे औंध संस्थानाने दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुचाकीशी थेट नाते साताऱ्याचे : महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली आणि तिची ‘प्रिया’ स्कूटर साताऱ्यात बनत असे. अशा ठिकाणी फावल्या वेळात भलतेच काही जुळवणारा माणूस गावाला विक्षिप्त वाटतो. त्याचा हात मात्र रोज ट्रॉलीचे हूक, पंपाचे शाफ्ट आणि नांगराचे फाळ दुरुस्त करून तयार झालेला असतो.

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे (जि. सांगली) येथील एका कारागिराने भंगारातल्या सुट्या भागांपासून लहान चारचाकी बांधली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले, ती नियमांत बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या अडवील हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्याला मिळाली.

नियमांची ही अडचण दुचाकीलाही तशीच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून दूर जाईल असा बदल वाहनात करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. मुळापासून नवे वाहन बांधले तर त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च झेपत नाही. त्यामुळे अशा मोटारसायकलीचे एमएच-१० (सांगली) किंवा एमएच-११ (सातारा) मध्ये पासिंग होत नाही. ती खासगी आवारात चालवता येते आणि प्रदर्शनाला न्यायची तर ट्रॉलीवर चढवून न्यावी लागते.