माता-गर्भ प्रतिरक्षा सहिष्णुता

गर्भारपणात आई आणि गर्भ यांच्या प्रतिरक्षा यंत्रणा एकमेकींना परक्या असूनही परस्परांचा नाश करत नाहीत. या अवस्थेला माता-गर्भ प्रतिरक्षा सहिष्णुता म्हणतात. गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून येतात, त्यामुळे त्याच्या पेशींवरचे पुष्कळ प्रतिजन (पेशी आपली की परकी हे ज्यांवरून ओळखले जाते ते रेणू) आईच्या शरीराला अनोळखी असतात. पित्याच्या त्वचेचा तुकडा आईच्या अंगावर रोपला, तर साधारण दोन आठवड्यांत तो झडून जातो; त्याच पित्याचे प्रतिजन वागवणारा गर्भ मात्र नऊ महिने वाढतो. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन राहिलेल्या गर्भाचा आईशी रक्ताचा संबंध नसतो, तरी तोही पूर्ण दिवसांचा होतो. 'सहिष्णुता' हा शब्द आता रूढ आहे. पण दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे डोळेझाक करतात असा अर्थ त्यातून निघत असेल, तर तो घेऊ नये.

हा प्रश्न प्रथम कोणी उपस्थित केला याबद्दल एकवाक्यता नाही. सामान्यतः श्रेय ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांच्या १९५३ च्या निबंधाला दिले जाते. मात्र अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२४ च्या सुमारास ऊतीरोपणाविषयी लिहिताना याच कोड्याला हात घातलेला दिसतो. प्रश्न लिटल यांना दिसला होता आणि प्रयोगाने तपासता येईल असे रूप त्याला मेडावार यांनी दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मेडावार या प्रश्नाकडे आले ते गोठ्याच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवरील त्वचारोपणाचा त्यांनी अभ्यास केला होता. पुढे जुळी वासरे एकाच बीजापासूनची आहेत की दोन वेगळ्या, हे त्वचारोपणाने ओळखता येईल का, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली. वेगळ्या बीजांची वासरे एकमेकांची त्वचा टाकून देतील, असा अंदाज होता. तो साफ चुकला. कालवड आणि गोऱ्हा अशा जोड्यांनीही बहुधा एकमेकांची त्वचा स्वीकारली. उलगडा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रे ओवेन यांच्या १९४५ च्या शोधनिबंधात होता. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारांमधील (गर्भाला आईकडून पोषण पुरवणाऱ्या अवयवांमधील) रक्तवाहिन्या जोडल्या जातात, एकाच्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी दुसऱ्यात जातात आणि तिथे पुढेही टिकून राहतात. गर्भावस्थेत भेटलेले परके नंतर आपलेच मानले जाते, हे मेडावार आणि त्यांचे सहकारी बिलिंगहॅम व ब्रेंट यांनी १९५३ मध्ये उंदरांवर दाखवले. या कामासाठी मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह मिळाले. म्हणजे पहिला ठोस पुरावा गर्भाच्या बाजूचा होता. तरी १९५३ च्याच निबंधात प्रश्न विचारला गेला तो आईला, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे संशोधनाचा भर आईवरच राहिला.

मेडावार यांची तीन अनुमाने : आई आणि गर्भ यांची शरीरे वारेमुळे अलग राहतात, गर्भाचे प्रतिजन अजून कच्चे असतात, किंवा गर्भारपणात आईची प्रतिरक्षा मंदावते, अशा तीन शक्यता मेडावार यांनी मांडल्या. त्यांपैकी एकही आज मूळ रूपात टिकलेली नाही.

अलगपणाची शक्यता त्यांना स्वतःला सर्वांत पटणारी होती. पण वार ही गाळणी आहे, भिंत नव्हे. एक्लॅम्प्सियाने (गर्भारपणातील झटक्यांच्या विकाराने) दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी असल्याचे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांनी १८९३ मध्येच नोंदवले होते. मुलगा झालेल्या स्त्रियांच्या रक्तात पुरुष-गुणसूत्र असलेल्या पेशी बाळंतपणानंतर २७ वर्षांपर्यंत सापडल्याचे डायना बियांकी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. उलट दिशेने आईच्या पेशीही मुलात जातात. या अवस्थेला सूक्ष्म-संकरता म्हणता येईल. शिवाय माणसात वारेचा बाह्य थर थेट आईच्या रक्तातच बुडालेला असतो. घोडी किंवा डुकरीण यांच्या वारेबाबत मेडावार यांचे अनुमान थोडे अधिक जुळते.

गर्भाचे प्रतिजन कच्चे असतात हे दुसरे अनुमान लवकरच मागे पडले.

तिसऱ्याचा, म्हणजे आईच्या निष्क्रियतेचा, निकाल काहीशा योगायोगाने लागला. १९५८ मध्ये लायडन येथे यॉन फान रूड आणि स्टॅनफर्ड येथे रोझ पेन यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की गर्भार राहिलेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (प्रतिजनांना चिकटणारी प्रथिने) असतात. ही प्रतिपिंडे पित्याकडून गर्भात आलेल्या प्रतिजनांमुळे तयार झालेली होती. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचा हा रक्तद्रव पुढे कित्येक वर्षे अवयव-रोपणापूर्वी ऊतींचे गट जुळवण्यासाठी वापरला गेला. ज्या स्त्रीची प्रतिरक्षा झोपलेली असते असे मानले, तिच्याच रक्तावर रोपणशास्त्राची ही शाखा उभी राहिली.

यंत्रणा : सध्याच्या समजुतीनुसार मुख्य काम वारेतील ट्रोफोब्लास्ट पेशी, म्हणजे तिच्या बाह्य थरातील गर्भाकडच्या पेशी, करतात. आईच्या रक्ताला भिडणाऱ्या थरावर ऊतींची ओळख पटवणारे एचएलए प्रतिजन जवळजवळ नसतातच. हा थर असंख्य पेशी एकमेकींत विरघळून बनतो. त्यांना जोडणारे सिन्सिटिन हे प्रथिन कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूची देणगी आहे. गर्भाशयाच्या अस्तरात खोल उतरणाऱ्या पेशींवर मात्र एचएलए-सी, ई आणि जी हे प्रकार असतात. पहिल्या तिमाहीत या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के नैसर्गिक मारक पेशी असतात. नाव मारक असले तरी इथे त्या आईच्या धमन्या रुंद करून वारेला रक्त मिळवून देण्यास मदत करतात. आईच्या मारक पेशींवरील ग्राहके (एचएलए ओळखणारी प्रथिने) आणि गर्भाचे एचएलए-सी यांची विशिष्ट जोडी जमली तर प्रीएक्लॅम्प्सियाचा (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर विकाराचा) धोका वाढतो, असे ॲशली मॉफेट यांच्या केंब्रिजमधील गटाने २००४ मध्ये दाखवले. गर्भ लपतो यापेक्षा आई त्याला ओळखते आणि त्या ओळखीवर वारेची वाढ अवलंबून असते, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा आधार नियामक टी-पेशींचा, म्हणजे प्रतिरक्षेची प्रतिक्रिया आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. या पेशी नसलेल्या उंदरिणींत वेगळ्या कुळाच्या नरापासूनचे गर्भ टिकत नाहीत (२००४). त्यांतील काही पेशी बाळंतपणानंतरही स्मृती ठेवतात आणि पुढच्या गर्भारपणात झपाट्याने वाढतात, असे २०१२ मध्ये दिसले. नियामक टी-पेशींच्या मूळ शोधाला २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो आम्ल खर्चून टी-पेशींची उपासमार करणारे विकर (एन्झाइम; १९९८) हाही उंदरांतलाच पुरावा. माणसात त्याचे महत्त्व किती, याबद्दल सावध राहावे. आईची प्रतिरक्षा दाह घडवणाऱ्या प्रकाराकडून प्रतिपिंडांवर भर देणाऱ्या प्रकाराकडे झुकते हा १९९३ चा सिद्धांत बराच गाजला. पण गर्भ रुजताना आणि कळा सुरू होताना दाहच प्रबळ असतो, त्यामुळे तो सिद्धांत फार ढोबळ ठरला.

गर्भाची बाजू : माणसाच्या गर्भाच्या लसीका ग्रंथींत आईच्या पेशी लक्षणीय प्रमाणात असतात आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिक्रिया दाबणाऱ्या नियामक टी-पेशी गर्भ स्वतः घडवतो, हे जेफ मोल्ड, जोसेफ मॅक्यून व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. गर्भाची यंत्रणा केवळ अपुरी म्हणून गप्प असते, ही समजूत त्यामुळे सुधारावी लागली. या शिकवणीचा ठसा मोठेपणीही दिसतो. आईचे जे प्रतिजन वारशाने आले नाहीत, तेच बाळगणाऱ्या भावंडाचे मूत्रपिंड, पित्याचे तसे प्रतिजन असलेल्या भावंडाच्या मूत्रपिंडापेक्षा अधिक टिकते, असे १९९८ च्या एका पाहणीत आढळले. ओवेन यांनी १९५४ मध्ये आरएच निगेटिव्ह (रक्तपेशींवर आरएच प्रतिजन नसलेल्या) स्त्रियांबाबत असाच निष्कर्ष काढला होता : जिची आई आरएच पॉझिटिव्ह, तिच्यात आरएचविरोधी प्रतिपिंडे कमी बनतात. त्यावर नंतरच्या पाहण्यांत एकमत नाही.

अपवाद व विकार : आईची आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे वार मुद्दाम गर्भाकडे नेते, नवजात बाळाचे पहिल्या महिन्यांतले संरक्षण त्यावरच चालते. आरएच विकारात आईची आरएचविरोधी प्रतिपिंडे गर्भाच्या रक्तपेशी नष्ट करतात, तेव्हा हीच वाट घातक ठरते. १९६८ पासून वापरात आलेल्या, आईत ही प्रतिपिंडे बनू न देणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनाने तो बराच आटोक्यात आला. १९५२ मध्ये य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या मातेच्या रक्तात एच प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि तिच्या बाळात हा प्रतिजन बहुधा असतोच. तरी ही प्रतिपिंडे मुख्यतः आयजीएम प्रकारची, म्हणून वार न ओलांडणारी असल्याने बाळाला गंभीर इजा क्वचितच होते.

प्रीएक्लॅम्प्सिया पहिल्या खेपेस अधिक आढळतो. पित्याच्या प्रतिजनांची सवय नसल्याने असे होते आणि जोडीदार बदलल्यास धोका पुन्हा वाढतो, असे मत होते. नॉर्वेतील २००२ च्या पाहणीने मात्र याचे श्रेय दोन बाळंतपणांमधील अंतराला दिले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना पतीच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार १९८५ च्या एका चाचणीनंतर फोफावला. १९९९ च्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. तरीही काही ठिकाणी तो अजून दिला जातो.