आयला बेटावरील रानहंस

आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील हेब्रिडीज द्वीपसमूहातले बेट. ग्रीनलंडमधील रानहंसांचे हिवाळी मुक्कामाचे ठिकाण म्हणून ते प्रसिद्ध आहे. मराठीत हंस म्हटले की लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी डोळ्यांपुढे येतो. हे हंस तसे नव्हेत. त्यांच्या जातकुळीतला पक्षी आपल्याकडे पाहायचा, तर हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारा पट्टकादंब पाहावा.

येथे सर्वाधिक संख्येने येतो तो बार्नॅकल हंस. चेहरा पांढरा, मान काळी, पाठ करडी व पट्टेदार. कोल्ह्यांपासून बचावासाठी तो पूर्व ग्रीनलंडच्या उंच कड्यांवर घरटी करतो. पिले उडता येण्याआधीच तिथून खाली उड्या घेतात. थवे आइसलंडमध्ये थांबून ऑक्टोबरात आयलाला पोहोचतात आणि एप्रिलमध्ये परततात. मध्ययुगीन युरोपात याचे घरटे कोणाच्या पाहण्यात नव्हते. त्यामुळे समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्यांना चिकटणाऱ्या कवचधारी जीवांतून हा पक्षी निपजतो, अशी समजूत रूढ झाली. बाराव्या शतकातील जेराल्ड ऑफ वेल्स याने ती नोंदवून ठेवली आहे. मांसातून जन्मलेला नाही, म्हणून आयर्लंडमधील काही धर्मगुरू तो उपवासालाही खात, असे तो लिहितो. सोयीचे शास्त्र सगळीकडेच असते.

अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे येथे कडाक्याची थंडी क्वचितच पडते आणि गवत हिरवे राहते. रात्री थवे ग्रूनार्ट खाडीच्या चिखलपट्ट्यांवर उतरतात. उजाडले की कलकलाट करीत कुरणांकडे निघतात. रानगवतापेक्षा त्यांना गाईमेंढ्यांसाठी खत घालून वाढवलेले कोवळे रायगवत अधिक आवडते. शेतकऱ्यांशी होणाऱ्या तंट्याचे मूळ तेच. एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी हंसांना अंगावर चरबी चढवायची असते आणि नेमके तेव्हाच व्यालेल्या मेंढ्यांनाही तेच गवत लागते. विसाव्या शतकाच्या मध्यात काही हजार असलेले हे हंस, शिकारीवर बंधने आल्यावर आणि कुरणे सुधारल्यावर, पुढे तीस हजारांवर गेले. शेतकऱ्यांना सरकारकडून भरपाई मिळते, शिवाय परवान्याने काही हंस मारलेही जातात. त्याला पक्षिसंरक्षकांचा विरोध आहे.

पश्चिम ग्रीनलंडहून येणारा पांढऱ्या कपाळाचा हंस संख्येने बराच कमी असून रात्री दलदलीत विसावतो. याच दलदलीतले पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती, व्हिस्कीच्या भट्ट्यांनाही हवे असते. त्यावरून १९८०च्या दशकात डूइख मॉस या दलदलीवरून मोठा वाद झाला. अखेर भट्टीसाठीचे पीट दुसरीकडून काढायचे ठरले.