इंटिजर ओव्हरफ्लो की बफर ओव्हरफ्लो? गिटमधल्या एका त्रुटीची उकल

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातल्या सीव्हीई-2022-41903 (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) या त्रुटीला कुणी इंटिजर ओव्हरफ्लो म्हणतं, कुणी बफर ओव्हरफ्लो. दोन्ही बरोबर, कारण तिथे एकातून दुसरं घडतं. पण दुरुस्ती कुठे करायची हे ठरवताना दोन्हींची गल्लत चालत नाही.

इंटिजर ओव्हरफ्लोमध्ये संख्या तिच्यासाठीच्या बिटांत मावत नाही, म्हणून चुकतो तो आकडा. मेमरीला अजून धक्का लागलेला नसतो. बफर ओव्हरफ्लोमध्ये बफरच्या, म्हणजे डेटासाठी राखलेल्या मेमरीच्या, बाहेर प्रत्यक्ष लिहिलं जातं आणि शेजारचा डेटा किंवा पॉइंटर (मेमरीतले पत्ते) बिघडतात.

गिटमध्ये कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) माहिती ठरावीक रुंदीत मांडणारं एक फंक्शन आहे. तयार झालेल्या मजकुराची लांबी साइझ-टी या सी भाषेतल्या आकारमानाच्या प्रकारात असते, म्हणजे आजच्या यंत्रांवर 64 बिट. हे फंक्शन ती 32 बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारात घ्यायचं. इंटची कमाल मर्यादा 2,14,74,83,647. समजा लांबी 2,20,00,00,000 बाइट झाली, तर इंटमध्ये ती उणे 2,09,49,67,296 दिसते. (काटेकोर बोलायचं तर हा रूपांतरातला दोष, बोलताना यालाही इंटिजर ओव्हरफ्लोच म्हणतात.) इथवर प्रोग्रॅम सुरळीत चालतो. पुढे हीच उणे संख्या बफरच्या पत्त्यात मिळवून मेमकॉपी (मेमरीत नक्कल) होते आणि लिखाण हीपवर (चालू प्रोग्रॅमला मागेल तशी मिळणाऱ्या मेमरीवर) बफरच्या सुरुवातीच्याही मागे जातं. हा बफर ओव्हरफ्लो.

दोन जीबी मजकूर हल्लेखोराला टाइप करावा लागत नाही, पॅडिंगची (रुंदी भरायला जोडलेल्या रिकाम्या जागांची) रुंदी फॉरमॅटमध्ये (मांडणीच्या सूचनेत) एका आकड्याने सांगता येते. शिवाय एक्सपोर्ट-सब्स्ट हा गुणधर्म लावलेल्या फाइलमधला फॉरमॅट ‘गिट आर्काइव्ह’ ही रेपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) संग्रह बनवणारी कमांड चालवताच उलगडतो. म्हणजे रेपॉझिटरी परक्याची आणि कमांड आपली.

तपासणीतही फरक पडतो. ॲड्रेस सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीचा वापर तपासणारं साधन) चुकीचं लिखाण पकडतो, पण ते घडलं तरच. नेहमीच्या छोट्या चाचण्यांत ही वेळ येतच नाही. साइझ-टीचं इंट होतं ती ओळ कंपायलरचा ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ हा इशारा प्रोग्रॅम न चालवताच दाखवतो. जुन्या कोडमध्ये असे इशारे ढिगाने येतात, तरी लांबी आणि ऑफसेटचे (सुरुवातीपासूनच्या अंतराचे) इशारे आधी निपटावेत.

17 जानेवारी 2023 च्या 2.39.1 आवृत्तीत दुरुस्ती झाली तीही आकड्यावर: लांबी साइझ-टीमध्येच ठेवली आणि पॅडिंगच्या रुंदीला 16 केबीची मर्यादा घातली. 2.30.7 ते 2.38.3 अशा जुन्या शाखांनाही हीच दुरुस्ती मिळाली. अपग्रेड लगेच शक्य नसेल, तर परक्या रेपॉझिटरीवर ‘गिट आर्काइव्ह’ चालवू नका आणि गिट डीमन (रेपॉझिटरी नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर त्यातली अपलोड-आर्काइव्ह (संग्रह बनवून पाठवणारी) सेवा बंद ठेवा.