विलो आणि कॉम्प्रेस्ड चारकोल : पक्षी काढताना आधी कुठला, मग कुठला

“कावळा काढतोय, पण काळा होतच नाही.” “बगळ्याच्या पाठीवरचा डाग खोडून खोडून कागद फाटायला आला.” चारकोलने पक्षी काढणाऱ्यांच्या या दोन तक्रारी कायमच्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: जो चारकोल आधी यायला हवा होता तो नंतर आला, किंवा आलाच नाही. संभाजीनगरच्या गुलमंडीत मागा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, “चारकोल द्या” म्हटलं की समोर असेल तो बॉक्स हातात पडतो. आत विलो आहे की कॉम्प्रेस्ड हे ना कुणी सांगत, ना आपण विचारत. विचारलंच तर ठरलेलं उत्तर येतं: “विलो फिकट, कॉम्प्रेस्ड गडद.” हे खोटं नाही, पण एवढ्याच भरवशावर चित्र काढायला बसलात तर बिघडणार.

कॉम्प्रेस्ड तुमच्या ओळखीचा आहे. कोळशाच्या किंवा काजळीच्या भुकटीत डिंक, मेण असं काहीतरी चिकट मिसळून दाबलेली कांडी. चारकोल पेन्सिलीच्या आतही तोच. काळाभोर उठतो, टोक करता येतं. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

विलो म्हणजे खरी काडी. विलोच्या झाडाची बारीक फांदी हवा न लागू देता भाजून तिचा कोळसा केलेला असतो. द्राक्षवेलीच्या काडीचा केला की तो व्हाइन चारकोल. वापरायला दोन्ही जवळपास सारखेच, त्यामुळे यापुढे दोघांनाही ‘काडी’च म्हणतो. यात दुसरं काहीही मिसळलेलं नसतं. जाडी साधारण 3 ते 8 मिलिमीटर, वजन नसल्यासारखं आणि मोडली की कट् असा सुका आवाज.

आता खरा फरक. काडीत चिकटवणारं काही नसल्यामुळे तिची भुकटी कागदाच्या खरखरीत दाण्यांवर नुसती टेकलेली असते. सुती फडक्याने झटकली तर बरीचशी निघून जाते, मळता येणारा रबर दाबून उचलला तर उरलेलीही बरीच निघते. कॉम्प्रेस्डमधला डिंक किंवा मेण भुकटीला कागदाच्या तंतूंना धरून ठेवतं. ती खोडली तर फिकट होते, पण कागदाचा पांढरा परत मिळत नाही. म्हणजे काडीने काढलेल्या प्रत्येक गोष्टीवरून माघारी फिरता येतं आणि कॉम्प्रेस्डने काढलेल्या एकाही गोष्टीवरून फिरता येत नाही. गडद-फिकट हा यातून आलेला दुय्यम परिणाम आहे.

हे ध्यानात आलं की क्रम आपोआप ठरतो. आधी काडी, शेवटी कॉम्प्रेस्ड. उलटं केलं तर दोन्हीकडून नुकसान होतं. कॉम्प्रेस्डच्या थरावर, त्यातही मेणाच्या, काडी घसरते आणि बसत नाही, आणि खालचा काळा तर उचलताच येत नाही. खाली शिसपेन्सिलीचं रेखाटन असेल तर त्याच्या तुळतुळीत रेघांवरही चारकोल धरत नाही. काळ्या पंखातून चकचकीत राखाडी रेघा डोकावत राहतात. म्हणून आराखडासुद्धा काडीनेच करायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत आधी पेन्सिलीने काढायची सवय हाताला लागलेली असते, ती इथे सोडावी लागते.

दुसरी चूक म्हणजे काडी काळी होत नाही म्हणून जोर देणं. कागदाच्या दाण्यांत जेवढी भुकटी मावते तेवढीच मावते. ती भरली की पुढची भुकटी खाली गळते, आणि जोराने दाण्यांचे उंचवटे दबून कागद गुळगुळीत होतो. मग त्या जागी कॉम्प्रेस्डही नीट पकडत नाही. काडीचे फार तर तीन थर द्या. तिसऱ्यानंतर जो गडद राखाडी मिळतो तो तिचा शेवट आहे, तो मान्य करून थांबा.

बॉक्सवरची नावं गोंधळात भर घालतात. ‘सॉफ्ट’, ‘मीडियम’, ‘हार्ड’ हे शिक्के दोन्ही प्रकारांवर असतात, पण सॉफ्ट काडी आणि सॉफ्ट कॉम्प्रेस्ड यांचा एकमेकांशी संबंध नाही. चारकोल पेन्सिलीवर 2बी, 4बी लिहिलेलं असतं, तेही शिसपेन्सिलीच्या 2बीशी जुळत नाही. नावं सोडा आणि दुकानातच कागदाच्या कपट्यावर रेघ ओढून रुमालाने एकदा पुसा. पुसट सावली उरली तर काडी, काळी रेघ ठाम राहिली तर कॉम्प्रेस्ड. आकार, किंमत, हात किती माखतात वगैरे फरक आहेत, पण त्यांनी चित्रात काही अडत नाही.

काडी मिळत नसेल तर घरी करता येते, आणि आपल्याकडे तर कच्चा माल फुकट आहे. जालन्याच्या कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या निवडा, साल सोलून पूर्ण वाळू द्या. पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकण घट्ट बसवा आणि त्याला खिळ्याने एकच बारीक भोक पाडा. डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून धूर यायला लागेल. तो पूर्ण थांबला की डबा बाहेर काढा आणि हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. गरम काड्यांना हवा लागली की त्या पेटतात आणि राख होते. मोडल्यावर आतून तपकिरी दिसली तर ती काडी कच्ची आहे, ती कागद ओरखडते. चिंचेच्या काड्यांचाही चांगला होतो. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांचे आराखडे चिंचेच्या काडीच्या कोळशाने करत.

आता पक्षी. गावकावळा घ्या, कारण दोन्ही चारकोलांचं काम त्याच्या एका अंगावर वाटलेलं दिसतं: मान आणि छाती राखाडी, बाकीचा काळा. कागद 150 ते 200 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), थोडा दाणेदार. कार्ट्रिज चालतो, हँडमेड त्याहून छान. गुळगुळीत आर्ट पेपर अजिबात नको. काडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा आडवा धरून पूर्ण पक्षी आणि त्याच्या उजेडाच्या बाजूची थोडी पार्श्वभूमी एकाच मध्यम राखाडीत भरा आणि फडक्याने हलकेच पसरवा. मान इथेच जवळजवळ तयार झाली, तिला पुन्हा हात लावायचा नाही. डोकं, गळा, पाठ, पंख आणि शेपटी यांवर काडीचा दुसरा आणि गरज पडली तर तिसरा थर द्या.

मग रबर. मळता येणारा रबर चिमटीत दाबून त्याला पाचर करा. खांद्यावरची चकाकी, मिटलेल्या पंखातल्या लांब पिसांच्या कडा, चोचीचा वरचा कणा इथे तो टेकवायचा आणि उचलायचा. घासायचं नाही. घासलं की भुकटी दाण्यांत खोल जाते. काळी झालेली बाजू आत मळून दरवेळी स्वच्छ टोक पुढे आणा.

आणि आता कुठे कॉम्प्रेस्ड. डोळ्याची बाहुली, तिच्यातला उजेडाचा ठिपका सोडून. चोचीच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली फट. मिटलेल्या पंखाखालची सावली. शेपटीची खालची बाजू, नख्या आणि त्या जिथे तारेला किंवा फांदीला पकडतात ती जागा. सगळं मिळून अंगाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. सबंध कावळा कॉम्प्रेस्डने भरला तर तो कावळा राहत नाही, कागदात पडलेलं कावळ्याच्या आकाराचं भोक दिसतं. काळ्या पक्ष्याचा काळेपणा शेजारच्या राखाडीतून येतो. डोळे बारीक करून चित्राकडे पाहा: सगळा पक्षी एकच डाग दिसत असेल तर कॉम्प्रेस्ड जास्त झाला. कुठूनच काही उठून दिसत नसेल तर अजून दोन-तीन जागा बाकी आहेत.

कोतवालाचं काम याच पद्धतीने, फक्त जास्त सावधपणे. बहुतेक कोतवालांच्या चोचीच्या मुळाशी एक बारीक पांढरा ठिपका असतो आणि तो दिसला की पाहणारा पक्षी ओळखतो. त्या जागेवर कॉम्प्रेस्ड एकदा गेला की ठिपका कायमचा गेला. सगळ्यात आधी तो सोडून मोकळे व्हा.

पांढऱ्या पक्ष्यांत तर कॉम्प्रेस्डला जवळजवळ स्थानच नाही. जायकवाडीच्या नाथसागरावरचा लहान बगळा काढायचा तर बगळा काढायचा नसतोच, त्याच्या मागचं पाणी काढायचं असतं. पाण्याला काडीचा मध्यम टोन, बगळ्याची जागा कोरी, आणि कडेवरून आत आलेली भुकटी रबराने उचललेली. कॉम्प्रेस्ड लागतो तो काळ्या चोचीला आणि काळ्या पायांना. लहान बगळ्याचे पंजे पिवळे असतात, ते राखाडीतच ठेवा. पायाबरोबर काळे केले की तो वेगळाच पक्षी होतो. पिंगळ्याच्या अंगावरचे पांढरे ठिपकेही असेच: आधी काडीचा सलग थर, मग रबराच्या टोकाने एकेक ठिपका उचलायचा. खाली कॉम्प्रेस्ड असेल तर तिथे मळकट राखाडीच निघणार.

इथे पांढऱ्या चारकोल पेन्सिलीचा मोह होतो. तो चारकोल नाहीच, पांढरं रंगद्रव्य आहे. काळ्या भुकटीवर ओढला की निळसर, निर्जीव राखाडी होतो आणि पक्षी पीठ लावल्यासारखा दिसतो. वापरायचाच तर खाकी किंवा राखाडी कागदावर, काळ्याला न शिवता. पांढऱ्या कागदावर पांढरा तो कागदाचाच.

बोटाने पसरवणंही बंद करा. बोटाला तेल असतं. ते कागदावर जिथे लागतं तिथे भुकटी चिकटून बसते आणि काडीचा माघारी फिरण्याचा गुणच जातो. आकाशात उमटलेला अंगठ्याचा ठसा कुठलाच रबर काढत नाही. मोठ्या जागेला सुती फडकं, लहान जागेला पेपर स्टंप, म्हणजे टोकदार, घट्ट गुंडाळलेल्या कागदाची कांडी. स्टंपही दोन ठेवा, एक काडीचा, एक कॉम्प्रेस्डचा. एकच वापरला तर मानेच्या राखाडीत पंखाचा काळा शिरतो.

पसाऱ्याच्या बाबतीत दोघांचं वागणं वेगळं आहे. काडीची भुकटी हलकी, उडते आणि सगळीकडे जाते. कॉम्प्रेस्डची जड, पण जिथे पडते तिथे डाग पाडते. बोर्ड उभा ठेवा म्हणजे भुकटी चित्रावरून घसरून खाली पडेल, आणि खालच्या कडेला कागदाची घडी करून पन्हळ चिकटवा. फुंकर मारू नका: थुंकीचा बारीक थेंब पडला तरी तिथे पक्का डाग बसतो, शिवाय भुकटी नाकात जाते. बोर्डाला मागून टिचकी मारली की पुरते. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून वरून खाली या आणि हाताखाली बटर पेपर ठेवा. तो सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा.

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसणं कठीण, पण पंखा काडीचा शत्रू आहे. काडीचे थर सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून उरका. कॉम्प्रेस्डचं बारीक काम पंख्याखालीही होतं. कूलरच्या झोतात बसू नका, ओल्या हवेने कागद मऊ पडतो आणि रबर दाबताना वरचे तंतू सुटतात. मनगटाला सुती पट्टी बांधा म्हणजे घामाचा थेंब खाली येणार नाही. हात आधी कोरड्या फडक्याने पुसा, मगच साबण-पाणी. फरशीवर केरसुणी फिरवली तर भुकटी घरभर जाते, तिथे ओलं फडकंच.

फिक्सेटिव्हचा, म्हणजे भुकटी कागदावर पक्की करणाऱ्या फवाऱ्याचा, मारा दोन टप्प्यांत. काडीचं आणि रबराचं काम संपलं की एक हलका हात, कॉम्प्रेस्ड झाल्यावर दुसरा. पहिल्या हातानंतर काडीची माघार संपते, तेव्हा उचलायचं ते आधी उचलून घ्या. अंतर साधारण 30 सेंटिमीटर. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर सुरुवातीचे जाड थेंब चित्रावर पडतात. जवळून आणि जोरात मारलं तर झोतानेच काडीची भुकटी उडते आणि मध्यम टोन गायब होतो. काम मोकळ्या हवेत, वारा नसताना, सकाळी करा. थराने टोन थोडा गडद होतो, म्हणून मानेचा राखाडी आधीच हवा त्यापेक्षा किंचित फिकट ठेवा. हेअरस्प्रे वापरू नका, कागद पिवळा पडतो. आणि फिक्सेटिव्हचा डबा पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. आत दाबाखालचा वायू असतो आणि उन्हाळ्यात तिथलं तापमान डब्याला झेपणारं नसतं.