एमन्स सेटअप की डे सेटअप: पेडल स्टीलवर डाव्या पायाचा घोळ

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत आणि पाय-गुडघ्याने सूर बदलत वाजवायची गिटार, घ्यायला निघालात की कोणीतरी विचारतंच, एमन्स हवी की डे? आणि नवा माणूस इथेच अडकतो, कारण त्याला वाटतं हे दोन वेगळे आवाज असतील, नाहीतर दोन ट्यूनिंग, नाहीतर दोन कंपन्या. यातलं काहीच नाही. बडी एमन्स आणि जिमी डे हे दोन वादक, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन मांडण्या. तारा त्याच, सूर तेच, पेडल दाबल्यावर जे होतं तेही तेच, फक्त डाव्या पायाखाली ते कुठल्या क्रमाने मांडलंय एवढाच फरक. कंपनीचा घोळ समजण्यासारखा आहे म्हणा, बडी एमन्सने १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची गिटार कंपनीच काढली होती, त्यामुळे एमन्स सेटअप म्हटलं की एमन्सचीच गिटार लागणार असं वाटतं. नाही लागत. एमन्स कंपनीच्या गिटारवरही डे सेटअप असू शकतो.

आधी तारा बघू, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. बहुतेक जण दहा तारांच्या ई नाइन्थ ट्यूनिंगवर सुरुवात करतात. आपल्यापासून सगळ्यात लांबची तार पहिली, तिथून आपल्याकडे येत एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पहिल्या दोन तारा उतरत्या क्रमात बसत नाहीत, म्हणजे सगळ्यात वरचा सूर तिसऱ्या तारेवर आहे, पहिलीवर नाही, आणि हे बोटांना पटायला वेळ लागतो. (ही तिसरी तार साधारण ०.०११ इंचाची, आणि बी पेडल दर वेळी तिलाच ताणतं, म्हणून तुटते ती बहुतेक हीच. चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.)

आता पेडल. ए पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर नेतं. बी पेडल तिसरी आणि सहावी जी शार्पवरून ए वर. सी पेडल चौथी तार ई वरून एफ शार्पवर नेतं आणि सोबत पाचवी बी वरून सी शार्पवर. अजून एक गंमत म्हणजे ए पेडलने ए सूर मिळत नाही, तो मिळतो बी पेडलने! ही नुसती नावं आहेत, सुरांशी काही संबंध नाही, सुरुवातीला मीही यात जाम गोंधळलो होतो.

बड आयझॅक्स या वादकाने १९५४ च्या सुमारास कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका हिट गाण्यात पेडल दाबत सूर वर सरकवला आणि तो रडवेला आवाज सगळ्यांना हवासा झाला, आपण ज्याला मींड म्हणू तसलाच प्रकार, पण तारेवर हात न सरकवता पायाने. त्याच्या गिटारवर ए आणि बी चे बदल एकाच पेडलवर होते. एमन्सने ते फोडून दोन पेडलांवर घेतले, म्हणून आज ए आणि बी वेगळे दाबता येतात. जिमी डे त्याच काळातला, त्याने क्रम उलटा ठेवला, आणि तेव्हापासून ही दोन घराणी चालू आहेत.

क्रम असा. एमन्समध्ये डावीकडून उजवीकडे ए, बी, सी. डे मध्ये सी, बी, ए. बी दोन्हीकडे मधेच राहतो आणि हेच महत्त्वाचं, कारण वाजवताना ए आणि बी एकत्र लागतात, बी आणि सी एकत्र लागतात, ए आणि सी एकत्र जवळजवळ कधीच लागत नाहीत (दोघं पाचव्या तारेला तेच करतात, मग कशाला). म्हणजे ज्या जोड्या एका पायाखाली यायला हव्यात त्या दोन्ही सेटअपमध्ये शेजारी शेजारीच आहेत, फक्त आरशात बघितल्यासारख्या.

आणि हा आरसा पेडलांवर थांबत नाही, डाव्या गुडघ्यापर्यंत जातो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. डाव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लिव्हर असतो, डावीकडे ढकलायचा तो एलकेएल (लेफ्ट नी लेफ्ट), उजवीकडे ढकलायचा तो एलकेआर (लेफ्ट नी राइट). एक लिव्हर चौथी आणि आठवी ई अर्धा सूर चढवून एफ करतो (याला सगळे एफ लिव्हर म्हणतात), दुसरा त्याच तारा अर्धा सूर उतरवतो (याला कोणी ई लिव्हर म्हणतं कोणी डी, भांडत बसू नका). एमन्समध्ये सहसा चढवणारा एलकेएल आणि उतरवणारा एलकेआर, डे मध्ये सहसा उलट. का, तर एफ लिव्हर ए पेडलसोबत लागतो. एमन्समध्ये ए डाव्या टोकाला, एकटा ए दाबताना पाऊल डावीकडे कलतं आणि गुडघाही आपोआप डावीकडे जातो, मग एफ लिव्हर तिथेच हवा. डे मध्ये ए उजवीकडे, पाऊल उजवीकडे कलणार, गुडघा उजवीकडे, एफ लिव्हर एलकेआरवर. तसंच बी पेडल आणि ई उतरवणारा लिव्हर मिळून बी सेव्हन्थ कॉर्ड बनतो, आणि तीही जोडी दोन्हीकडे एकाच दिशेच्या हालचालीत येते. म्हणून एमन्सचे पेडल आणि डे चे लिव्हर अशी खिचडी असलेली गिटार मिळाली तर गुडघा एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे जाईल. असल्या गिटार असतात, कुठला लिव्हर कुठे हा काही कायदा नाही, म्हणून प्रत्येक वेळी स्वतः दाबून बघायचं.

दाबून बघायचं कसं ते माझ्या फजितीवरून सांगतो. जुनी गिटार घेतली, विकणारा म्हणाला एमन्स आहे. मी डावीकडचा पहिला पेडल दाबला, पाचवी तार छेडली, बी चा सी शार्प झाला, म्हटलं झालं, ए पेडल आहे. पण सी पेडलही पाचव्या तारेला अगदी हेच करतो ना! घरी येऊन तिसऱ्या फ्रेटवर जी कॉर्ड धरली, डावीकडचे दोन पेडल दाबले, सी मेजर यायला हवा. आठवी-सहावी-पाचवी तार वाजवली, आला. सहावी-पाचवी-चौथी वाजवली तर ए मायनर. तो सी चा जवळचा नातेवाईक, त्यामुळे धड बेसूरही वाटत नाही, नुसता उदास वाटतो, आणि मी दोन दिवस बार वाकडा पडतोय, ट्यूनिंग उतरलंय, माझेच कान बिघडलेत असं करत बसलो. खरं म्हणजे माझ्या पायाखाली ए-बी नव्हते, सी-बी होते. सी ने चौथी तार एफ शार्पला नेलेली आणि आठवीला हात लावलेला नाही, म्हणून एक पकड बरोबर आणि दुसरी चूक. तेव्हा पाचवी तार छेडून काहीही कळत नाही हे लक्षात ठेवा. चौथी छेडा: डावीकडच्या पेडलने चौथी चढली तर डे. किंवा दहावी छेडा, ती चढली तर एमन्स.

घ्यायचा कुठला? मला विचाराल तर हा कानाचा प्रश्नच नाही, घोट्याचा आहे. टाच जमिनीवर ठेवून डावं पाऊल बाहेरच्या कडेवर कलवून बघा, म्हणजे करंगळीची बाजू खाली, मग आतल्या कडेवर, अंगठ्याची बाजू खाली. बहुतेकांना पहिलं सोपं जातं, घोटा तिकडे जास्त वळतो. एमन्समध्ये एकटा ए त्या सोप्या बाजूला येतो आणि एकटा ए खूप लागतो. डे वाले म्हणतात त्यांना अंगठ्याच्या बाजूने जास्त ताबा मिळतो, सूर हळू चढवता येतो, आणि घोटा किंवा गुडघा दुखावलेल्या काहींना खरंच तेच बरं पडतं. दोन्ही करून बघितल्याशिवाय मत बनवू नका, तेही स्टुलाच्या नेहमीच्या उंचीवर बसून, कारण उंची बदलली की कल बदलतो.

काहीच फरक पडत नसेल तर डोळे मिटून एमन्स घ्या. वाजवणारे जास्त त्याचेच, शिकवणारे जास्त त्याचेच, पुढे विकायला सोपं. टॅबला (तार आणि फ्रेटचे आकडे देणारं लेखन) फरक पडत नाही, तिथे ए, बी, सी अक्षरं असतात, पाय कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्ही. पण व्हिडिओ बघून शिकत असाल तर शिकवणाऱ्याचा पाय डावीकडे कलला की तुमचा उजवीकडे, हे भाषांतर डोक्यात सतत करावं लागतं आणि ते कंटाळवाणं आहे.

बदलून घेता येतो का? आजच्या ऑल-पुल, म्हणजे सगळे चढ-उतार रॉड ओढून होणाऱ्या गिटारवर येतो. गिटार उलटी करून पहिल्या आणि तिसऱ्या पेडलचे रॉड आणि त्यांना ओढणारे बेल क्रँक अदलाबदल करायचे, मग दोन्ही लिव्हरचे, मग उजव्या टोकाच्या नायलॉन नट्सवरून प्रत्येक चढ-उतार पुन्हा सुरात आणायचा. उजव्या गुडघ्याच्या लिव्हरना, म्हणजे दुसरी तार डी शार्पवरून डी आणि सी शार्पला उतरवणारा वगैरे, हात लावायची गरज नाही, ते दोन्हीकडे सारखेच चालतात. आणि शेजारी सी सिक्स्थची दुसरी नेक (तारांचा दुसरा संच) असेल तर तिचे पेडल उजवीकडे वेगळे, ते ट्यूनिंग वेगळं, त्याचा या वादाशी संबंध नाही.

मी रॉड सोडायला बसलोही होतो एकदा, पाना हातात घेऊन, पण तोवर घोट्याला डे ची सवय झालेली, म्हणून पाना परत ठेवला. फक्त व्हिडिओ आता मी आरशात बघतो, लॅपटॉपसमोर आरसा धरून, हसू नका, शिकवणाऱ्याचा हात उलटा दिसतो पण पाय बरोबर दिसतो.